फोन कोणी केला?

सुजाता गेल्याचा फोन मी आधी कापलाच. अनोळखी नंबर होता, आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही हा माझा नियम आहे. कधी टॅक्स ऑफिसच्या नावाने कोणी धमकावतं, कधी पार्सल अडकलंय म्हणून कोणी लिंक पाठवतं... मेलबर्नमध्ये इतकी वर्षं राहून एवढं तरी शिकले आहे. परत वाजला तेव्हा मीटिंगमधून उठून बाहेर आले आणि चांगलं खडसावायच्या तयारीने 'हॅलो' म्हटलं. पलीकडे रिया होती, सुजाताची मुलगी, हॉस्पिटलच्या डेस्कवरून बोलत होती. "अलका मावशी, इट्स मम," एवढंच म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. सकाळी युनिव्हर्सिटीला निघताना सुजाता दारातच कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? की हे खरं कशावरून? पोरीचा आवाज ओळखीचा, रडणं खरं, तरी मी विचारलं, "तू नक्की रियाच ना?" त्यावर ती बिचारी रडता रडता हसली. म्हणाली, "मम वुड हॅव लव्ह्ड दॅट."

काही आठवडे झाले त्याला. आता लिहायला बसले आहे तर आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कोणी 'सगळं चालतंय' म्हटलं की मला वाटतं, नक्की कुठेतरी मोडलेलं असणार. या स्वभावाचा पगार मिळतो म्हणून बरं, नाहीतर माझ्या नवऱ्याच्या मते मी मेथीच्या जुडीवरसुद्धा संशय घेते. आम्ही ट्रुगानिनाला राहतो आणि सुजाता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, क्लेटनला, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायची. मूळची नागपूरची. ओळख झाली ती मराठी मंडळाच्या पिकनिकला. मी कोणाला तरी सांगत होते की मंडळाच्या निवडणुकीत दर वर्षी तीच माणसं बिनविरोध कशी येतात, याचा मला दाट संशय आहे. शेजारी भाजलेलं कणीस खात बसलेली एक बुटकी, चष्मेवाली बाई म्हणाली, "बाप्पा! तू तर आमच्या धंद्यातली आहेस. इतिहासवाल्यांचं पोट यावरच चालते." ती सुजाता मेश्राम. त्या दिवसापासून बारा-तेरा वर्षं आमची जोडी जमली ती जमलीच.

तिचा विषय होता अमेरिकेतली गुलामगिरी आणि त्यावरून तिथे पेटलेलं यादवी युद्ध. मी तिला चिडवायचे, की नागपूरची बाई ऑस्ट्रेलियात बसून अमेरिकेची भांडणं शिकवते, हा काय प्रकार आहे? ती म्हणायची, "घरचं भांडण शिकवायला घेतलं की लोक खिडक्या लावून घेतात. दुसऱ्याचं म्हटलं की खुर्च्या ओढून बसतात." आणि तसंच झालं. एका जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, मंडळाने तिचं व्याख्यान ठेवलं. हॉलचा हीटर बंद पडलेला, सगळे जॅकेट घालून बसलेले, पण बाईने तासभर कोणाला हलू दिलं नाही. तारखा नाहीत, लढाया नाहीत. म्हणाली, "युद्ध कसं झालं ते मी सांगणार नाही. त्याच्या आधीची चाळीस वर्षं लोक एकमेकांशी कसे बोलत होते, ते सांगते." मग तिने सांगितलं... आधी नकाशावर एक रेघ ओढली, रेघेखाली गुलाम ठेवा, वर ठेवू नका, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग गुलामगिरीविरुद्ध अर्ज येऊ लागले, तर त्यांच्या संसदेने नियमच केला की या विषयावरचा अर्ज आला की न वाचता बाजूला ठेवायचा. दक्षिणेत पोस्टातून गुलामीविरोधी कागद यायचे ते अडवून ठेवले, जाळलेसुद्धा. पुढे कायदा केला, की पळून आलेला गुलाम पकडायला उत्तरेतल्या साध्या माणसानेही मदत करायची, नाहीतर शिक्षा. "आता बघा," ती म्हणाली, "ज्याला वाटत होतं आपला काय संबंध, त्याच्या दारात शिपाई आला." तिथून संशय सुरू झाला. उत्तरेला वाटायचं की मळेवाल्यांनी अख्खं सरकार खिशात घातलंय. दक्षिणेला वाटायचं की उत्तरेकडून येणारा प्रत्येक फेरीवाला आपल्या गुलामांना फूस लावायला आला आहे. शेवटी शेवटी तर खासदार सभागृहात पिस्तुलं घेऊन बसायचे. तिचं एक वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. "रागावलेली माणसं भांडतात आणि घरी जातात. पण मूळ गोष्टीवर तोंड उघडायचीच बंदी असली ना, की माणसं भांडत नाहीत, संशय घेतात. आणि संशयाला घरी जाता येत नाही."

प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारलं की उत्तरेत तर गुलाम नव्हते, मग ते चांगलेच ना? सुजाता हसली. म्हणाली, "गुलाम नव्हते, पण त्यांच्या गिरण्यांत कापूस कोणाचा होता? अंगातल्या सदऱ्याला विचारा की." मग हेही सांगितलं की आपण राहतो त्या देशातही उसाच्या मळ्यांवर बेटांवरून माणसं फसवून, पळवून आणली होती, तेव्हा फार लांब बघायची गरज नाही. टाळ्या झाल्या आणि आम्ही सगळे चहाकडे वळलो. चहाबरोबर पुरणपोळ्या होत्या, देवकरांच्या घरच्या. देवकर हे नाव खरं नाही, पुढची नावंही मी बदलली आहेत. तर सुहासराव आणि विद्याताई देवकर म्हणजे मंडळाचे खांब. मोठं घर, दोघांच्या मोठ्या नोकऱ्या, तीन मुलं, आणि तरी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला त्यांच्याकडून डबेच्या डबे यायचे. होळीला पोळ्या, गणपतीत उकडीचे मोदक, संक्रांतीला गुळाची पोळी. एवढ्या मऊसूत पोळ्या मी पुण्यातही खाल्ल्या नाहीत. आम्ही बायका विद्याताईंना म्हणायचो, "कसं हो जमतं तुम्हाला नोकरी सांभाळून?" त्या म्हणायच्या, "आवड असली की सवड मिळते."

सुजाताने पोळी हातात घेतली आणि सरळ विचारलं, "कोणी केल्या?" विद्याताई म्हणाल्या, "घरच्याच आहेत." आता नागपूरकरणीला 'घरच्याच' हे काही नाव वाटेना. हॉलच्या मागच्या बाजूला एक बाई रिकामे डबे पिशवीत भरत होती. सुजाता तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "ताई, तुमचं नाव काय?" ती बाई बोलायच्या आत विद्याताईच तिकडून म्हणाल्या, "आमची कमल. सुहासच्या गावची. मुलांना सांभाळायला आलीये थोडे दिवस." थोडे दिवस कसले, मीच तिला त्याच्या आदल्या गणपतीत पाहिलं होतं. सुजाता तिच्याशी दोन मिनिटं काहीतरी बोलली, स्वतःकडे बोट दाखवून, हाताने दिशा दाखवून, आणि परत आली. तिला स्टेशनवर सोडायला जाताना गाडीत मला म्हणाली, "अलका, तिच्या पायात काय होतं पाहिलं?" मी नव्हतं पाहिलं. "रबरी चप्पल. या थंडीत. आणि अंगात स्वेटर पुरुषाचा. तू भाजीच्या जुडीवर संशय घेते, आणि हे नाही दिसलं तुला?" मी म्हटलं, अगं, नात्यातली असेल, गावाकडच्या बायकांना बूट आवडत नाहीत. मला तिचा राग आला होता, हे खरं. इतक्या चांगल्या कार्यक्रमाचा शेवट असा करायची काय गरज होती?

पुढच्या उन्हाळ्यात बातमी फुटली. कमल देवकरांच्या घरातून नाहीशी झाली होती, आणि काही दिवसांनी सरकारी माणसं त्यांच्या दारात चौकशीला आली. तिचा पासपोर्ट सुहासरावांच्या कपाटात होता म्हणे. पगार नव्हता, सुट्टी नव्हती, फोन नव्हता, व्हिसा केव्हाच संपलेला. चौकशी कशी आणि कुठे मिटली ते वकिलांना माहीत, आमच्यापर्यंत नुसत्या अफवा आल्या. पण मंडळात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तातडीची सभा भरली. मला वाटलं कोणीतरी विचारेल, ती बाई कुठे आहे, बरी आहे का. छे! सगळ्यांचा एकच प्रश्न, फोन कोणी केला? कोणी चुगली केली? आपल्यातलंच कोणीतरी आहे! सुहासराव भरल्या गळ्याने म्हणाले, "आम्ही तिला घरच्यासारखं ठेवलं. कोणीतरी फूस लावली." आणि समितीने ठराव मांडला, की सभासदांच्या घरगुती बाबींवर यापुढे मंडळात चर्चा होणार नाही. हात वर झाले. त्या शांततेत सुजाता मोठ्याने हसली. अगदी खदखदून. "सॉरी," म्हणाली, "हा नियम मी दर सेमिस्टरला शिकवते. पाठ आहे मला."

झालं! त्या हसण्याने सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हिनेच केला असणार. हिनेच ते व्याख्यान दिलं होतं. हिनेच कमलशी कुजबुज केली होती. आणि मग जे कोणी उघड बोलत नव्हतं तेही बाहेर यायला लागलं. पार्किंगमध्ये एक गृहस्थ मला, मी सुजाताची मैत्रीण आहे हे ठाऊक असून, म्हणाले, "त्या लोकांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही हो." त्या लोकांना! मेलबर्नला येऊन, मॉर्गेज भरून, बार्बेक्यूवर पनीर भाजून पण 'ते लोक' काही सुटत नाहीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "म्हणजे नक्की कोणत्या लोकांना? नाव घेऊन बोला ना." ते गाडीत बसून निघून गेले.

मग फाळणी झाली. एका व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन झाले, दोन गणपती बसू लागले, मुलांची मराठी शाळा फुटली. एका गटाला वाटायचं की दुसरा गट घराघरांत कोण राहतंय याची नावं इमिग्रेशनला पुरवतोय. दुसऱ्याला वाटायचं की देवकरांनी समिती विकत घेतली आहे. माझ्या शेजारणीने तिच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या तर त्यांना अंगणात बसू देणं बंद केलं, कोणी फोटो काढला तर? मुलांच्या वाढदिवसांना कोणाला बोलवायचं यावर घराघरांत भांडणं. आणि ज्या माणसांनी ठराव करून विषय बंद केला होता, तीच माणसं त्या विषयाशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. वार्षिक सभेला तर खुर्च्या उचलल्या गेल्या. स्पीकर कोणाचा, ढोल कोणाचे, यावरून पार्किंगमध्ये कॉलर धरल्या, एकाचा चष्मा फुटला आणि हॉलच्या केअरटेकरने पोलीस बोलावले. दोन पोलीस पोरं आली. त्यातला एक म्हणाला, "ऑल दिस ओव्हर ड्रम्स, मेट?" सुजाताला मी फोनवर हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "ड्रम्स नाही ते. अमेरिकेतही मोठ्या युद्धाच्या आधी एका नव्या प्रांतात असंच झालं होतं. जमिनीवरून भांडून राहिलो असं म्हणायचे लोक."

आता माझी गोष्ट. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती देशासाठी नव्हे, मंडळासाठी नव्हे, माझ्यासाठी. तिने फोन केला का, आणि केला असेल तर मला का सांगितलं नाही? केला असेल तर छानच केलं, मी तिच्या बाजूने सगळ्या ट्रुगानिनाशी भांडले असते. भांडतच होते. पण मैत्रीण म्हणवणाऱ्या बाईने मला अंधारात ठेवावं? एका रविवारी क्लेटनला डोसा खाताना मी विचारलंच. "खरं सांग. तूच ना?" तिने सांबारात चमचा फिरवला. "तुला काय वाटते?" मी म्हटलं, "मला वाटतं तूच." "मग तसं समज," ती म्हणाली आणि चटणी मागवली. झाकली मूठ सव्वा लाखाची! मला इतकं लागलं की मी आठवडाभर तिला फोन केला नाही. तिने केला, काहीच झालं नाही असा. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्यात ती दर दोन-तीन महिन्यांनी अॅडलेडला जायला लागली. "मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर सेमिनार आहे." कसले एवढे सेमिनार? मला वाटलं, बाईने तिकडे कोणीतरी गाठलाय. नवऱ्यापासून वेगळी होऊन बरीच वर्षं झाली होती, मला आनंदच झाला असता. पण तेही सांगेना. असं करत करत आमच्या मैत्रीत एक खोली तयार झाली जिचं दार तिने लावून घेतलं होतं, आणि मी दर भेटीत त्या दाराला कान लावून बसायचे.

शेवटची भेट तिच्या स्वयंपाकघरात झाली, जायच्या पंधरा-वीस दिवस आधी. टेबलावर लॅपटॉप उघडा, निबंध तपासणं चाललेलं, आणि बाई चिडलेली. "सगळे एकच लिहून राहिले. म्हणे पुढाऱ्यांना तडजोड जमली नाही म्हणून युद्ध झालं. अरे, चाळीस वर्षं तडजोडच तर करत होते! आणि ज्याच्या पाठीवरून ती रेघ ओढली, त्याला कोणी विचारलं?" मी म्हटलं, पोरं आहेत, जाऊ दे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अलका, तू सांग. पकडायचा कायदा कशाला लागला?" मी म्हटलं, "मळेवाल्यांचं लॉबिंग." "नाही ना! लोक पळून राहिले होते म्हणून. रात्री-बेरात्री, एकटे, पोरं पाठीला बांधून. ते पळाले नसते तर पुढाऱ्यांनी अजून शंभर वर्षं नकाशे काढले असते. भांडण त्यांनी सुरू केलं. पण निबंधात ते कुठेच नाहीत. जिकडेतिकडे कोणीतरी त्यांना सोडवून राहिलं." मी मान हलवली आणि चहात साखर टाकली. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. मला वाटलं, बाई दमली आहे.

पुण्यानुमोदन तिच्या घरीच होतं. श्रीलंकन विहारातले भंते आले, त्रिशरण-पंचशील झालं. मंडळाच्या दोन्ही तुकड्या आल्या होत्या आणि दोन भिंतींना धरून बसल्या होत्या, मधल्या सतरंजीवर कोणी नाही. देवकर आले नव्हते. भंतेजींचं बोलणं संपत आलं होतं तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. पांढरी साडी, त्यावर पफर जॅकेट, पायात चांगले जाड स्पोर्ट शूज. तिने बूट काढले, मधल्या सतरंजीवरून सरळ पुढे गेली, फुलं वाहिली आणि तिथेच बसून हमसून हमसून रडली. मला क्षणभर ओळखच लागली नाही. मग दोन्ही भिंतींकडून कुजबुज ऐकू आली आणि कळलं. कमल. आणि कुजबुज काय होती? या भिंतीला विचारत होते, हिला कोणी बोलावलं? त्या भिंतीलाही तेच, हिला कोणी आणलं?

रियाने तिला आत नेलं. मीही मागून गेले, सुजाताच्या त्याच स्वयंपाकघरात. रियाने हळूच सांगितलं, "शी लिव्हज इन अॅडलेड, मावशी. मम यूज्ड टू व्हिजिट हर." म्हणजे सेमिनार हे होते! मला धीर धरवेना. चहा द्यायच्या आधीच मी विचारलं, "कमल, मला एकदा सांग. सुजाताने फोन केला होता ना?" तिने डोळे पुसले. "कसला फोन?" म्हटलं, पोलिसांना, सरकारला, ज्याने तुला सोडवलं तो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला कुनी सोडवलं न्हाई, ताई. मीच गेले."

मग तिने सगळं सांगितलं. त्या हॉलमध्ये सुजाताने तिला एवढंच म्हटलं होतं, मी क्लेटनला राहते, स्टेशनच्या मागे, अंगणात लिंबाचं झाड आहे, कधी वाटलं तर ये. बास. त्या एका शब्दावर, क्लेटन, ही बाई महिनोन्‌महिने बसून राहिली. मग एका दुपारी मुलं शाळेत असताना मागच्या लाकडी कुंपणावरून उतरली, बसच्या वाटेने चालत स्टेशनला आली, एका सरदारजींना मोडक्या हिंदीत विचारलं आणि ट्रेनमध्ये बसली. "आनि ताई, हितं घरटी लिंबाचं झाड हाय की ओ!" हे सांगताना ती हसली. गल्लीगल्लीत लिंबाची झाडं बघत फिरली. एका दारात एक ग्रीक आजी निघाली, तिने पाणी दिलं आणि वर पिशवीभर लिंबं दिली. शेवटी एका खिडकीतून फोडणीचा वास आला, आपल्या लसणीचा, आणि तिने दार वाजवलं. "बाईंनी दार उघडलं. काय झालं, कसं झालं, काय इचारलं न्हाई. म्हनल्या, आधी जेव." दुसऱ्या दिवशी सुजाता तिच्याबरोबर मदत केंद्रात गेली. तिथे कमलने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. फोन असा कोणी केलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आम्ही शिकलीसवरलेली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या कॉलरी धरत राहिलो, आणि ती बाई स्वतःच्या पायांनी गेली असेल हे एकालाही सुचलं नाही.

"मग सुजाताने हे सांगितलं का नाही?" मी विचारलं. कमल म्हणाली, तिचा भाऊ गावात देवकरांच्या जमिनीवर राहत होता. ती स्वतःहून गेली हे कळलं असतं तर राग त्याच्यावर निघाला असता. "मीच म्हनले बाईंना, त्यांना वाटूं द्या कुनीतरी शहान्या मानसानं फूस लावली. बाई म्हनल्या, चालंल, मग माझ्यावर वाटूं दे." आता भाऊ गाव सोडून मुलाकडे गेला आहे, तेव्हा लपवायचं कारण उरलं नाही. "लिवा तुम्ही. नाव बदला, पन मी गेले हे लिवा." ती आता अॅडलेडला वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये आहे. एवढं ऐकूनही माझ्या मनातला काटा निघेना. मी विचारलं, "पण मला? मी तिची एवढी जवळची... मला सांगायला काय हरकत होती?" कमलने कप खाली ठेवला. "बाई लई म्हनायच्या, अलकाला सांगू या, ती आपली हाय. मीच नको म्हनले." का, ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. "तुम्ही माझ्या हातच्या पोळ्या खायच्या आनि विद्याताईंना छान म्हनायच्या. मी तिथंच हुबी असायची. मला काय म्हाईत ताई, तुम्ही कुनाच्या?" तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

गेल्या रविवारी रियाला घर आवरायला मदत करायला गेले होते. स्वयंपाकघर तसंच आहे. खुर्चीच्या पाठीला तिची निळी शाल, खिडकीत सुकलेली कढीपत्त्याची कुंडी. कपाट उघडलं की अजून मेतकुटाचा वास येतो. तिथे उभी असताना फोन वाजला. नंबर अनोळखी होता, पण हल्ली मी उचलते. विद्याताई होत्या. कितीतरी वर्षांनी. सुजाताचं कळलं, वाईट झालं, म्हणाल्या. मग जरा थांबून, "कमल आली होती म्हणे? अलका, आता सुजाता गेलीच आहे, निदान आता तरी सांग. फोन तिनेच केला होता ना?" मी म्हटलं, "फोन कोणीच केला नाही, विद्याताई. कमल स्वतः गेली. एकटी." मला वाटलं, चला, शेवटी पटलं. मग त्या एकदम तडकून म्हणाल्या, "काहीतरीच काय बोलतेस! अगं, दाराला बाहेरून कुलूप असायचं! कोणी उघडल्याशिवाय ती जाईलच कशी?"

आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळायला जितका वेळ लागला तितका वेळ फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मग फोन बंद झाला. इतक्या वर्षांत त्या घराच्या पोळ्या खाल्ल्या, त्यांच्या हॉलमध्ये अंताक्षरी खेळले, आणि आत्ता, आज, त्यांच्याच तोंडून... मी फोन ओट्यावर ठेवला आणि मागे वळून मोठ्याने म्हटलं, "सुजाता, ऐकलंस का काय म्हणाली ती?"

मागे रिया उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझ्या गळ्यात पडली.